लेक्चर ऑनलाइन घ्या, पण मुलांना घरी बसवू नका

प्रति,
राज्यातील विद्यापीठांच्या विद्या परिषदांचे सर्व सदस्य,
तसेच महाविद्यालय विकास समित्यांचे अध्यक्ष व सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, रसायनशास्त्र शिकवते. तासिका तत्त्वावरची नेमणूक दरवर्षी नव्याने होते, त्यामुळे पत्राखाली नाव घालत नाही. कारण आपण समजून घ्याल. शिकवायला लागण्याआधी मी अशाच एका कॉलेजात शिकले आणि माझं एस. वाय. बी.एस्सी. जवळजवळ सगळं मोबाईलवर झालं. म्हणजे स्क्रीनच्या दोन्ही बाजूंना बसून झालं आहे.

माझ्या कॉलेजात यंदा ओपन इलेक्टिव्ह (मुख्य शाखेबाहेरचा निवडीचा विषय), मूल्यशिक्षण आणि भारतीय ज्ञानप्रणाली हे पेपर ऑनलाइन आहेत. रात्री आठ वाजता ग्रुपवर लिंक पडते. कारण विचारलं तर वर्गखोल्या पुरत नाहीत आणि शिकवायला माणसं पुरत नाहीत. दोन्ही कारणं खरी आहेत. नव्या शैक्षणिक धोरणात पेपरांची संख्या आणि प्रकार वाढले, खोल्या होत्या तेवढ्याच राहिल्या. आता पुढच्या वर्षी मेजरची, म्हणजे मुख्य विषयाची, थिअरीसुद्धा आठवड्यातून दोन दिवस ऑनलाइन घ्यावी, असं स्टाफरूममध्ये बोललं जातंय. आजूबाजूच्या तालुक्यांत शिकवणाऱ्या मैत्रिणींकडूनही असंच काहीसं ऐकू येतं. गाजावाजा करून कोणी वर्ग बंद करत नाहीये. एक पेपर गेला, मग दुसरा गेला, असं हळूहळू चाललंय. सगळं होऊन गेल्यावर बोलण्यापेक्षा आधीच बोललेलं बरं, म्हणून हा खटाटोप.

नियमाला धरूनच चाललंय, हे मला माहीत आहे. ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे किती विषय पदवीसाठी धरायचे, याची मर्यादा २०१६ च्या नियमात २० टक्के होती, ती २०२१ मध्ये ४० टक्के झाली. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने मिश्र अध्यापनाचा मसुदा काढला, त्यातही ४० टक्के ऑनलाइन आणि ६० टक्के वर्गात अशी मुभा होती. ही वरची मर्यादा आहे. तिथपर्यंत गेलंच पाहिजे, असं कोणी सांगितलेलं नाही. पण ज्यांच्याकडे प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत त्यांना ही मुभा सोयीची वाटणार, आणि तशी ती वाटू लागली आहे.

मी ऑनलाइनच्या विरोधात नाही, हेही आधीच सांगून टाकते. एन्ट्रॉपी मला नीट कळली ती एम.एस्सी.ला असताना, आणि तीही एनपीटीईएल या आयआयटींच्या मोफत ऑनलाइन लेक्चरच्या साइटवरच्या एका सरांच्या व्हिडिओमुळे. वर्गात ती दोनदा शिकवून झाली होती. माझ्या वर्गात पहाटे डेअरीला दूध घालून येणारी मुलं आहेत, रात्री पेट्रोल पंपावर काम करणारा एक जण आहे. रेकॉर्ड केलेलं लेक्चर त्यांना हवंच आहे. थांबवून ऐकता येतं, परत ऐकता येतं, परीक्षेच्या आदल्या रात्री दामटून ऐकता येतं. माझ्यापेक्षा चांगलं शिकवणारा माणूस फुकटात मिळत असेल तर मुलांनी माझंच ऐकावं असा माझा हट्ट नाही.

पण तिथे मिळतं ते लेक्चर. कॉलेजच्या दिवसातला लेक्चरचा वाटा किती असतो, हे आपल्यापैकी प्रत्येकाला स्वतःच्या दिवसांवरून आठवत असणार.

आधी प्रॅक्टिकलचं सांगते, कारण माझा विषय तो आहे. ऑक्झॅलिक ॲसिड आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन आमच्या बॅचने यूट्यूबवर पाहिलं. आता तेच मी मुलांकडून करून घेते. कोनिकल फ्लास्कमधलं द्रावण साधारण ६० ते ७० अंशांपर्यंत गरम करायचं आणि ब्युरेटमधून जांभळं परमँगनेट थेंब थेंब सोडायचं. पहिला थेंब पडला की द्रावण गुलाबी होतं आणि तसंच राहतं. नवखं पोरगं हमखास तिथे थांबतं, ब्युरेटचा कॉक बंद करतं आणि ओरडतं, “मॅडम, एंड पॉइंट आला!” आलेला नसतो. ही अभिक्रिया सुरुवातीला रेंगाळते. तिच्यातूनच तयार होणारं मँगनीज तिला पुढे वेग देतं. फ्लास्क हलवत जरा दम धरला की तो गुलाबी रंग डोळ्यांदेखत जातो आणि त्यानंतरचे थेंब पडल्या पडल्या रंगहीन होत जातात. शेवटी एका थेंबाने फिकी गुलाबी छटा येते ती टिकते. त्या थेंबाच्या पुढे गेलात की रीडिंग वाया. परमँगनेट एवढं गडद असतं की ब्युरेटमध्ये खालची कड दिसत नाही, वरची वाचावी लागते. अशी तीन रीडिंग घ्यायची, जुळली की तो सीबीआर, म्हणजे ब्युरेटचं कायम येणारं रीडिंग.

व्हिडिओत हे सगळं असतं, फक्त वाट बघणं कापलेलं असतं. बघणाऱ्याचा वेळ जाऊ नये म्हणून कापतात, पण शिकण्यासारखं तेच होतं. शिवाय व्हिडिओतल्या माणसाचं रीडिंग कधी चुकत नाही. प्रयोगशाळेत शेजारच्याचं ११.२ आणि माझं १२.६ आलं की दोघं मिळून शोधाशोध करतो: तुझ्या ब्युरेटच्या टोकाशी हवेचा बुडबुडा राहिला होता का, मी पिपेट फुंकून रिकामं केलं का, फ्लास्क गार झाला होता का. आमच्या बॅचला ही शोधाशोध करावीच लागली नाही. सगळ्यांच्या जर्नलमध्ये एकच सीबीआर होता, ग्रुपवर आलेला. जर्नलं तपासली गेली, सह्या झाल्या.

माझ्या बॅचमधला एक मित्र शिरवळच्या बाजूला एका औषध कंपनीत क्यूसीच्या, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या, जागेसाठी मुलाखतीला गेला होता. तोंडी प्रश्नांची उत्तरं त्याला आली. मग त्यांनी त्याला लॅबमध्ये नेऊन पिपेट हातात दिलं. पुढे काय झालं ते त्याने कधी नीट सांगितलं नाही. बॅच विचारली आणि “२०२२ पासआउट” म्हटल्यावर समोरचा माणूस हसला, एवढंच म्हणाला. मुलगा हुशार आहे. आता एका मेडिकल दुकानात आहे.

प्रॅक्टिकल ऑनलाइन करा असं कोणीच म्हणत नाही, थिअरीचंच चाललंय, असं आपण म्हणाल. बरोबर आहे. माझं खरं म्हणणं थिअरीबद्दलच आहे. प्रॅक्टिकल गेलं तर निदान दिसतं तरी. आज ना उद्या कोणीतरी पिपेट हातात देतं आणि कळतं. थिअरीचे तास घरी गेले की त्यांच्यासोबत जे जातं त्याचा पेपर नसतो, क्रेडिट नसतं, आणि म्हणून आपल्या इतिवृत्तात त्याची नोंदही होत नाही.

आमच्या कॉलेजातली लेडीज रूम घ्या. एक लोखंडी कपाट, दोन बाकं, पारा उडालेला आरसा. ऑफ लेक्चरला मुली तिथे जमायच्या. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीचा ऑनलाइन, फॉर्म भरायची मुदत कधी संपते, बँक खातं आधारला जोडलेलं नसेल तर शिष्यवृत्ती कशी अडकते, परीक्षेचा फॉर्म लेट फी न भरता कसा वाचवायचा, जुनी पुस्तकं कराडात कुठे मिळतात, कोणत्या रस्त्याने एकटीने जाऊ नये, हे सगळं मी तिथे शिकले. एम.एस्सी.ला प्रवेश परीक्षा असते हेसुद्धा मला तिथे कळलं. टी. वाय.च्या एका ताईने वेणी घालता घालता सांगितलं. तिला ते तिच्या आधीच्या कोणीतरी सांगितलं होतं. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलेलं नाही. ज्यांच्या घरी डॉक्टर मामा आणि प्राध्यापक काका असतात त्यांना ही माहिती जेवणाच्या ताटावर मिळते. बाकीच्यांना ती कॉलेजच्या जिन्यात, स्टँडवर, कॅन्टीनच्या बाकड्यावर मिळते.

ग्रुपवर नोटिसा येतात की, असं कोणी म्हणेल. येतात, पीडीएफ येते. पण शंभर-सव्वाशे माणसांच्या ग्रुपवर, त्यात प्राचार्य असताना, “नॉन-क्रीमी लेयर म्हणजे काय?” असं कोण विचारणार? हे प्रश्न एकाच माणसाला, हळू आवाजात विचारायचे असतात.

वर्गातही असंच असतं. मला शिकवायला लागल्यावर कळलं की मुलं मॅडमना शंका आधी विचारतच नाहीत. आधी ती बाकावरच्या शेजाऱ्याला विचारतात. “ए, हे मोल म्हणजे काय रे?” तो म्हणतो, “मलापण नाही कळलं.” मग दोघांना धीर येतो आणि त्यांच्यातला एक हात वर करतो. शेजाऱ्यालाही कळलेलं नाही हे समजल्याशिवाय हात वर जात नाही. आणि कधी कधी तो जात नाहीच, पण मला मागच्या बाकावरची कुजबुज दिसते, दोन कपाळांना आठ्या दिसतात, आणि मी खडू ठेवून परत पहिल्यापासून सांगते. ऑनलाइन तासाला माझ्यासमोर साठ-सत्तर नावं असतात, गोलात एकेक अक्षर. “आवाज येतोय का?” “येस मॅम.” “कळलं का?” “येस मॅम.” हे दुसरं “येस मॅम” लिहिणारे तीन-चार जण ठरलेले असतात. बाकीचे आहेत की झोपलेत, मला कळायला मार्ग नाही. त्यांनाही एकमेकांचं कळायला मार्ग नाही. प्रत्येकाला वाटतं की आपणच तेवढे मठ्ठ, बाकी सगळ्यांना कळलंय.

मी विद्यार्थिनी होते तेव्हा त्यातल्याच एका गोलात होते. घरात स्मार्टफोन एक, तो भावाचा. त्याचं आयटीआय चालू होतं आणि त्याच्या तासाची वेळ माझ्या तासाची असली की फोन कोणाकडे जायचा हे विचारायची गरज नव्हती. फोन मिळाला तरी मी शेतात भुईमूग भांगलत असायचे, कानात एक इअरफोन. मुलगी घरी आहे म्हणजे मोकळी आहे, असंच घरातल्यांनी धरलेलं असतं. त्यात त्यांचंही काही वाकडं नाही. कॉलेजला गेलेली मुलगी कॉलेजला असते. घरात बसून फोनकडे बघणारी मुलगी घरातच असते. तिला पाणी भरायला सांगता येतं, आजीला दवाखान्यात न्यायला सांगता येतं, पाहुण्यांपुढे चहा ठेवायला सांगता येतो.

आता पाहुण्यांचंच बोलते, कारण या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये निम्म्या उपस्थितीने उघडली आणि दुसऱ्या लाटेने परत बंद झाली. मधल्या काळात लग्नाला पन्नास माणसांची परवानगी होती. मोठा मंडप नाही, जेवणावळी नाहीत, मानपान नाही. ज्याच्या घरात दोन मुली आहेत त्या बापाला एवढ्या कमी खर्चात लग्न कधी होणार होतं? आमच्या वर्गातल्या काही मुलींची लग्नं त्या दिवसांत उरकली. शिक्षणाचं काय, असं कोणी विचारलंच तर उत्तर तयार होतं: “मोबाईलवरच तर आहे. सासरीही होईल.”

कॉलेज रोज भरत असताना हे उत्तर देता येत नाही. सासर दुसऱ्या तालुक्यात असेल तर कॉलेज सुटतं, हे सगळ्यांना दिसतं, आणि निदान टी. वाय. होईपर्यंत थांबू, असं म्हणायला आईला तोंड राहतं. शिक्षण कुठूनही होतं असं एकदा ठरलं की थांबायचं कारणच संपतं. त्या मुलींपैकी किती जणींची पदवी सासरी पुरी झाली ते मला माहीत आहे. आकडा लिहीत नाही, त्यांच्या गावात ओळख पटेल.

७५ टक्के हजेरीच्या अटीला मुलं शिव्या घालतात. मीही घातल्या. पण कितीतरी मुलींसाठी ती अट ढालीसारखी असते. “हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देणार नाहीत,” या एका वाक्यावर सुगीत रानात जायचं टळतं, बघायला येणाऱ्यांचा दिवस पुढे ढकलता येतो. हे वाक्य वडिलांना पटतं, कारण ते कॉलेजचं असतं, मुलीचं नसतं. आपण अट सैल कराल तेव्हा ही ढाल काढून घेतली जाईल. आपल्या समितीत अशा घरातून आलेलं कोणी असेल तर त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल.

२०२० च्या पावसाळ्यात सिंधुदुर्गातल्या एका विद्यार्थिनीची बातमी सगळीकडे झळकली होती. पशुवैद्यकीय शिकणारी मुलगी. घरी रेंज नाही म्हणून डोंगरावर झोपडी बांधून भर पावसात ऑनलाइन तास करत होती. तिचं कौतुक झालं, मदतही मिळाली, आणि व्हायलाच हवी होती. पण तेव्हा मला राग आला होता तो कौतुक करणाऱ्यांचा. जनावरांची डॉक्टर होऊ घातलेली मुलगी जनावराला हात न लावता डोंगरावर बसून शिकतेय, यात वाहवा करण्यासारखी तिची जिद्द होती, व्यवस्था नव्हती. आमच्या पाटण खोऱ्यातही टेकाडावर जाऊन बसणारी मुलं होती. त्यांची बातमी झाली नाही एवढंच. मुलांनी मात्र टेकाडावर जाणं बंद केलं ते कंटाळून, रेंज आली म्हणून नव्हे.

महामारीच्या दिवसांत दुसरा मार्ग नव्हता, हे मान्यच आहे. त्या वर्षाबद्दल माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. २० ऑक्टोबर २०२१ ला कॉलेजं पुन्हा सुरू झाली आणि महिना संपता संपता एसटीचा संप लागला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. कॉलेज चालू आणि गाडी बंद. मधे जानेवारीत तिसऱ्या लाटेमुळे पुन्हा कुलूप. त्या संपाच्या दिवसांत वडापच्या, म्हणजे माणसं भरून चालणाऱ्या खासगी, जीपला रोजचे पैसे देणं ज्यांना जमलं ती मुलं वर्गात दिसली, बाकीच्यांना आमच्या सरांनी रेकॉर्डिंग पाठवली. तेव्हा ती रेकॉर्डिंग नसती तर काही जण पहिल्याच आठवड्यात गळाले असते. अडीअडचणीला ऑनलाइनचा उपयोग होतो तो असा. पण तेव्हाही मुलं विचारत होती ती गाडी कधी सुरू होणार हे. लिंक कधी येणार, हे विचारणारं कोणी मला भेटलं नाही.

एनएसएसच्या शिबिराबद्दल आणि युवा महोत्सवाबद्दल फार लिहीत नाही. त्यांची बाजू मांडणारे पुष्कळ आहेत. सात दिवसांच्या शिबिरात आमच्यातल्या बऱ्याच जणी नातेवाइकांखेरीज दुसरीकडे पहिल्यांदा मुक्कामाला राहिल्या, एवढंच नोंदवते. आणि एक लक्षात आणून देते, की वर्ग ओस पडले की शिबिराला मुलं मिळत नाहीत, नाटकाला मिळत नाहीत, खो-खोच्या टीमलाही मिळत नाहीत. दुपारी दोनला तालीम आहे म्हणून पंचवीस किलोमीटरवरून कोणी मुद्दाम येत नाही. सकाळच्या लेक्चरला आलेलं पोर दुपारी थांबतं.

आमचा जिल्हा कर्मवीर भाऊराव पाटलांचा. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात शाहू बोर्डिंग सुरू केलं. वेगवेगळ्या जातींची मुलं एका छपराखाली राहिली, एका पंगतीत जेवली, स्वतःचं अन्न स्वतः रांधलं. पुढे ‘कमवा आणि शिका’ ही योजना आली. गणित आणि व्याकरण त्या मुलांना गावच्या मास्तरांकडूनही शिकता आलं असतं कदाचित. पण दुसऱ्या जातीच्या मुलाच्या हातची भाकरी खाणं घरी बसून शिकता आलं नसतं. माझ्या वर्गात आजही आडनाव ऐकून बाक बदलणारी मुलं येतात, आणि प्रॅक्टिकलच्या बॅचा रोल नंबरप्रमाणे पडत असल्यामुळे त्याच मुलाबरोबर वर्षभर एक ब्युरेट वापरतात. वर्षाअखेरीला एकाच डब्यात जेवताना दिसतात. सगळी नाही, पण काही दिसतात. मोबाईलवर प्रत्येक जण आपापल्या वाडीत, आपापल्या आळीत असतो.

आता पैशाचं. वर्ग ऑनलाइन झाले की बचत कोणाची होते, हे एकदा कागदावर मांडून बघावं. मुलांचा एसटीचा पास वाचतो. तो सवलतीचा असतो आणि त्याची रक्कम फार मोठी नसते. त्याच्या बदल्यात रिचार्ज वाढतो. खरी बचत होते ती खोल्यांची आणि आमच्यासारख्या तासिकावाल्यांची. एका लिंकवर तीन तुकड्या बसतात. उद्या तीन कॉलेजं बसतील. मग रिक्त जागा भरा म्हणायला कारण उरणार नाही, कारण वर्कलोडच, म्हणजे शिकवायच्या तासांची संख्याच, दिसणार नाही. यात माझा स्वार्थ आहे, तो मी लपवत नाही. माझी नोकरी त्याच वर्कलोडवर टांगलेली आहे. पण स्वार्थ असला म्हणून हिशेब खोटा ठरत नाही.

आणि हे सगळीकडे सारखं होणार नाही. मोठ्या शहरांतल्या नावाजलेल्या स्वायत्त कॉलेजांचे आवार भरलेलेच राहतील. त्यांची फी भरणारे पालक दुसरं काही चालवून घेणार नाहीत. ऑनलाइन जाईल ते तालुक्याचं कॉलेज, जिथे पालकांना विचारायचंच कोणाला सुचत नाही. ज्यांना घरी स्वतंत्र खोली आहे, ग्रंथालय आहे, इंग्रजी बोलणारे शेजारी आहेत त्यांना आवार मिळणार, आणि ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांना लिंक.

माझ्या मागण्या फार नाहीत. प्रथम वर्षाचा एकही पेपर ऑनलाइन ठेवू नये. बारावीतून आलेल्या मुलाला कॉलेज म्हणजे काय हे कळायलाच ते वर्ष लागतं. पुढच्या वर्षांत जे पेपर ऑनलाइन ठेवायचे असतील ते कॉलेजच्या वेळेत, कॉलेजच्याच एखाद्या खोलीत पडदा लावून दाखवावेत. व्हिडिओ आयआयटीचा असू दे, बघायला मुलं एकत्र बसू देत, आणि मागे आमच्यातलं कोणीतरी उभं असू दे. रात्री आठची लिंक तर बंदच करावी. त्या वेळी घरात भाकऱ्या चालू असतात आणि मुलगी चुलीपाशी असते. प्रत्येक लेक्चर रेकॉर्ड करून द्यायला मात्र हरकत नसावी, माझीही नाही. आणि कोणता पेपर ऑनलाइन न्यायचा हे ठरवण्याआधी मुलांना विचारावं. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालय विकास समितीत विद्यार्थी परिषदेच्या प्रतिनिधींना जागा दिली आहे. ती जागा किती ठिकाणी खरोखर भरली जाते, हे विद्या परिषदेने आपल्या संलग्न कॉलेजांकडून मागवून बघावं. त्या खुर्चीत तालुक्याबाहेरून एसटीने येणारी एक मुलगी बसवली तर माझ्या या पत्राची गरज पडणार नाही.

खोल्या नाहीत ही अडचण खरी आहे, हे मी वर म्हटलंच. पण आमच्या इमारतीत दुपारी अडीचनंतर निम्म्या खोल्या रिकाम्या असतात, कारण शेवटच्या सोयीच्या गाड्या तीनच्या सुमाराला सुटतात आणि मुलं निघून जातात. पाचला एक गाडी मिळाली तर दोन तास मोकळे होतात आणि तिन्ही पेपर वर्गात बसतात. आम्ही काही जणांनी आगारात जाऊन विचारलं होतं. गाडीची वेळ बदलता येईल, पण त्यासाठी कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज आणि त्या मार्गावरच्या मुलांची गाववार यादी लागेल, असं सांगितलं. यादी आमच्याकडे तयार आहे. अर्जावर प्राचार्यांची सही हवी, आणि पुढच्या वर्षीचं वेळापत्रक ऑनलाइन की वर्गात, हे वरून ठरल्याशिवाय ती मिळत नाहीये. जूनचं वेळापत्रक मे महिन्यात लागतं. निर्णय त्याआधी कळवावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक सहायक प्राध्यापक (तासिका तत्त्वावर), रसायनशास्त्र
जिल्हा सातारा